एम्युलेटरमध्ये साइट नीट, गिऱ्हाइकाच्या फोनवर मोडलेली: दर वेळच्या तक्रारीचा माग कसा काढायचा

"ताई, सगळं भरलं, पण पुढे जायला बटणच नाही."

नौपाड्यातल्या एका मूर्ती केंद्राची बुकिंगची साइट आम्ही २०२५ च्या आषाढात सुरू करून दिली. गणपती त्या वर्षी २७ ऑगस्टला होते, म्हणजे हातात जेमतेम दीड-दोन महिने. पहिल्या तीन दिवसांत केंद्राच्या काउंटरवर या एकाच तक्रारीचे सात फोन आले. मी क्रोमच्या डिव्हाइस मोडमध्ये, म्हणजे संगणकावरच फोनचा पडदा दाखवणाऱ्या सोयीत, चार वेगवेगळे फोन निवडून पाहिले. अँड्रॉइडचा एम्युलेटर, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा नकली फोन, उघडून पाहिला. बटण जागच्या जागी. दाबलं, बुकिंग झालं.

"तुमच्याच फोनमध्ये काहीतरी गडबड असेल" हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. बोलले नाही, कारण त्याआधी कोपरखैरण्याच्या एका क्लासच्या प्रवेश अर्जाचं आणि घणसोलीच्या एका डबा सेवेच्या साइटचं हेच झालं होतं. आमच्याकडे एक दिसायचं, त्यांच्याकडे दुसरंच. तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं, पण आम्ही चुकलो होतो एकाच ठिकाणी. एम्युलेटरला आपण जो फोन सांगतो तोच तो दाखवतो. आपण त्याला सांगतो कोरा करकरीत, मूळ सेटिंगचा फोन; गिऱ्हाइकाच्या हातात असतो पाच वर्षं वापरलेला, तिच्या डोळ्यांना आणि बोटांना जुळवून घेतलेला फोन. त्या दोन फोनमधलं अंतर कुठे कुठे असतं ते आता मी क्रमाने तपासते. तोच क्रम इथे देते आहे.

आधी फोन बघा, एम्युलेटर नंतर

सात जणींपैकी एक काकू कळव्याहून नौपाड्यात भाजीला येतात. केंद्राच्या मालकांनी त्यांना थांबवून ठेवलं आणि मला फोन केला. मी वागळे इस्टेटमधून रिक्षाने पोहोचले. काउंटरवर अर्धवट रंगवलेल्या शाडूच्या मूर्तींच्या ओळीसमोर काकूंनी पिशवीतून फोन काढून दाखवला.

अक्षरं एवढी मोठी की पडद्यावर जेमतेम आठ-नऊ ओळी मावत होत्या. फॉन्ट साइझ शेवटच्या टोकाला नेलेला. डिस्प्ले साइझही मोठा केलेला. "भाच्याने करून दिलं, चष्मा न लावता दिसतं आता," काकू म्हणाल्या. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: 'मूर्ती घरपोच हवी की केंद्रावर येऊन नेणार?' माझ्या एम्युलेटरमध्ये तो एका ओळीत बसत होता. काकूंच्या फोनवर त्याने चार ओळी घेतल्या होत्या. तसे पाच प्रश्न. आणि ज्या चौकटीत तो फॉर्म बसवला होता तिची उंची आम्ही पिक्सेलमध्ये बांधून टाकली होती, वर चौकटीबाहेर जाईल ते लपवा अशी सूचना. बटण चौकटीच्या तळाशी होतं. ते खाली ढकललं गेलं आणि कापलं गेलं. काकू खरं तेच सांगत होत्या: त्यांच्या फोनवर बटण नव्हतंच.

आणखी एक गोष्ट तिथे उभ्या उभ्या कळली. काकूंनी साइट क्रोममधून उघडलीच नव्हती. केंद्राच्या इन्स्टाग्राम पानावर मूर्तींचे फोटो पाहता पाहता त्यांनी लिंक दाबली होती, आणि इन्स्टाग्राम ती लिंक स्वतःच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडतं. अँड्रॉइडवर हा आतला ब्राउझर म्हणजे वेबव्ह्यू. त्याचं इंजिन क्रोमचंच, पण वागणं वेगळं. फोनचा फॉन्ट साइझ वाढवला की वेबव्ह्यूमध्ये सहसा पानावरची अक्षरंही तेवढ्याच पटीने वाढतात, आसपासच्या चौकटी मात्र जिथल्या तिथे राहतात.

म्हणून तक्रार आली की मी आता चार गोष्टी विचारते. लिंक कुठून उघडली: व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, की गूगलवर शोधून? सेटिंगमध्ये अक्षरं मोठी केली आहेत का? फोनमध्ये जागा संपल्याचा संदेश येतो का? आणि पडद्याचा फोटो पाठवाल का? शेवटच्या प्रश्नाने अर्धं काम होतं. काकूंना स्क्रीनशॉट घेता येत नसेल तर घरातल्या दुसऱ्या फोनवरून काढलेला फोटोही चालतो. उलट तो जास्त चांगला, कारण त्यात अंगठाही दिसतो.

सर्व्हरच्या नोंदींवरून फोन ओळखता येईल ही आशा मात्र सोडा. २०२३ पासून अँड्रॉइडवरचा क्रोम आपली ओळख सांगताना खरं मॉडेल आणि खरी आवृत्ती सांगतच नाही. सगळे फोन 'अँड्रॉइड १०' आणि मॉडेल 'के' म्हणूनच नोंदले जातात. मी एकदा अर्धा दिवस या 'के' नावाच्या फोनचा शोध घेण्यात घालवला आहे. नोंदीत एक गोष्ट मात्र उपयोगाची: वेबव्ह्यूमधून आलेल्या भेटीच्या ओळखीत 'डब्ल्यूव्ही' ही दोन अक्षरं असतात, आणि इन्स्टाग्राममधून आलेली असेल तर त्याचं नावही असतं. आमच्या अर्धवट सुटलेल्या बुकिंगपैकी बहुतेकांवर ती अक्षरं होती. आधी पाहिली असती तर सात फोन यायची वेळ आली नसती.

तोच फोन एम्युलेटरमध्ये उभा करणं

ऑफिसात परतल्यावर पहिलं काम बिघाड आपल्या डोळ्यांनी घडताना पाहणं. तो दिसेपर्यंत कोडला हात लावू नये.

एम्युलेटरमधल्या अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये जा, डिस्प्लेमध्ये फॉन्ट साइझ आणि डिस्प्ले साइझ या दोन पट्ट्या असतात. दोन्ही शेवटपर्यंत ओढा. अँड्रॉइड १४ पासून फॉन्ट २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो, त्यामुळे तपासायला निदान एक इमेज, म्हणजे एम्युलेटरमध्ये बसवायची अँड्रॉइडची प्रत, १४ किंवा पुढची हवी. डिस्प्ले साइझचा परिणाम लोक विसरतात. १०८० पिक्सेल रुंद पडदा ४८० डेन्सिटीला, म्हणजे इंचाला ४८० ठिपके धरून, असेल तर ब्राउझरला तो ३६० रुंद वाटतो. डिस्प्ले साइझ वाढवून डेन्सिटी ५४० झाली की तोच पडदा ३२० रुंद होतो. फोन तोच, पण तुमच्या साइटच्या लेखी तो दहा वर्षांपूर्वीचा छोटा फोन. '३६० च्या खाली आता कोण वापरतं' असं म्हणून आम्ही ३२० ची मांडणी तपासणं कधीच सोडून दिलं होतं. वापरणाऱ्या अनेक जणी आहेत, आणि त्यांचे फोन मोठेच्या मोठे आहेत.

वेबव्ह्यूसाठी प्ले स्टोअर नसलेल्या काही इमेजमध्ये 'वेबव्ह्यू ब्राउझर टेस्टर' नावाचं साधं ॲप आधीपासून असतं. त्यात साइट उघडली, पट्ट्या टोकाला नेल्या, आणि बटण माझ्या डोळ्यांदेखत नाहीसं झालं. खूप हायसं वाटलं. दिसलेला बिघाड दुरुस्त करता येतो.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती: चौकटीची बांधलेली उंची काढून किमान उंची दिली, लपवण्याची सूचना काढली, प्रश्न छोटा केला: 'मूर्ती कशी नेणार?' त्या एम्युलेटरला मी 'काकू' असं नाव देऊन ठेवलं आहे. पट्ट्या तिथेच, टोकाला. नवी साइट पहिल्यांदा त्यातच उघडते.

डिव्हाइस मोडवर किती विसंबायचं

डिव्हाइस मोड हा एम्युलेटर आहे अशी समजूत सर्रास दिसते. तो तुमच्या संगणकावरचाच क्रोम आहे. रुंदी बदलतो, टच असल्याचं भासवतो, ओळख बदलून सांगतो, नेटचा वेग कमी करतो. मांडणीचा पहिला कच्चा अंदाज घ्यायला तो झटपट आहे आणि दिवसभर मी तोच वापरते. पण त्यात आयफोन निवडला तरी आत सफारी येत नाही. त्यात पत्त्याची पट्टी नाही. पडद्यावरचा कीबोर्ड नाही. आणि मराठी साइटसाठी सगळ्यात मोठी गोष्ट: त्यात फोनचे फॉन्ट नाहीत.

हे जरा सविस्तर सांगते, कारण इंग्रजी साइट करणाऱ्यांना ही अडचण फारशी येत नाही आणि त्यामुळे तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. तुम्ही वेबफॉन्ट, म्हणजे साइटसोबतच उतरणारा फॉन्ट, दिला नसेल तर विंडोजवर देवनागरी बहुधा निर्मला यूआयमध्ये दिसते, अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरीत, आयफोनवर कोहिनूर देवनागरीत. तिन्हींची अक्षरांची रुंदी वेगळी, वरखालची जागा वेगळी. डिव्हाइस मोडमध्ये एका ओळीत बसलेलं 'अपॉइंटमेंट निश्चित करा' फोनवर दोन ओळींत जातं. त्यातून काही कंपन्यांचे फोन वापरणाऱ्याला स्वतःच्या आवडीचा फॉन्ट बसवू देतात, तो आणखी वेगळा.

उंचीचा घोळ तर जास्त वाईट. आमच्या बटणावर 'बुकिंग पूर्ण करा' होतं. ओळीची उंची अक्षराइतकीच, म्हणजे १, आणि बाहेर जाईल ते लपवा. इंग्रजीत तेवढ्यावर भागतं. मराठीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, अनुस्वार, रफार, आणि खाली उकार. एका फोनवर ते बटण 'बुकिग पूण करा' असं दिसत होतं. अनुस्वार आणि रफार दोन्ही कापले गेलेले. आपल्या भाषेचं असं मोडकं रूप लोकांसमोर ठेवायचं, तेही पैसे भरण्याच्या बटणावर, हे मला मनापासून लागलं. देवनागरीला ओळीची उंची निदान १.५ द्या. बटणाची उंची बांधू नका, आतली जागा वाढवा. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सूचना देवनागरीला कधीच देऊ नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगा; ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात. आणि तपासताना मुद्दाम 'पार्किंग', 'वर्षांची', 'पूर्ण', 'हृदय', 'दुसऱ्या' असे शब्द टाकून बघा. 'नमस्कार' टाकून काही कळत नाही.

कीबोर्ड: क्लासच्या अर्जात काय झालं

कोपरखैरण्याच्या क्लासच्या अर्जात तक्रार अशी होती की मोबाइल नंबर टाकायला गेलं की 'पुढे' बटण गायब होतं, आणि काही जणांचा नंबर साइट घेतच नव्हती.

एम्युलेटरमध्ये आम्ही तो अर्ज पन्नास वेळा भरला होता. संगणकाच्या कीबोर्डवरून. खरी चूक तिथेच होती. एम्युलेटरला संगणकाचा कीबोर्ड जोडलेला असला की पडद्यावरचा कीबोर्ड बऱ्याचदा उघडतच नाही, आणि आपण पूर्ण उंचीच्या पडद्यावर आरामात टाइप करत बसतो. खऱ्या फोनवर त्याच वेळी निम्मा पडदा कीबोर्डखाली गेलेला असतो. अँड्रॉइड एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये सिस्टीमखाली कीबोर्ड, त्यात फिजिकल कीबोर्ड, तिथे पडद्यावरचा कीबोर्ड दाखवण्याचं बटण चालू करा. आयफोनच्या सिम्युलेटरमध्ये आय-ओ मेन्यूतल्या कीबोर्डखाली हार्डवेअर कीबोर्डची जोडणी बंद करा, किंवा कमांड आणि के दाबा. मग माउसने एकेक अक्षर दाबून एक अख्खा अर्ज भरा. कंटाळवाणं आहे, पण एकदा तरी भराच.

बटण गायब होण्याचं कारण असं. क्रोमच्या १०८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ च्या अखेरीपासून, अँड्रॉइडवर कीबोर्ड उघडला तरी पानाची मांडणी आखडत नाही. फक्त दिसणारा भाग कमी होतो. तळाला चिकटवलेलं बटण आधी कीबोर्डच्या डोक्यावर येऊन बसायचं, आता ते कीबोर्डच्या मागे राहतं. आयफोनवर हे पूर्वीपासून असंच आहे. जुनं वागणं हवं असेल तर व्ह्यूपोर्टच्या मेटा टॅगमध्ये 'इंटरॲक्टिव्ह-विजेट' ही किल्ली आहे, तिला 'रिसाइझेस-कंटेंट' हे मूल्य द्या. पण ते सगळ्या ब्राउझरांत चालत नाही. माझं मत विचाराल तर अर्जाचं बटण तळाला चिकटवूच नका, शेवटच्या रकान्याखाली साधं ठेवा. सरकवलं की मिळतं.

नंबर न घेण्याची भानगड दोन ठिकाणी होती. पहिली: दहा आकडे झाले की पुढे टाइप होऊ द्यायचं नाही, हे आमच्या कोडने 'कळ दाबली' या घटनेवर बेतलं होतं. संगणकाच्या कीबोर्डवर कुठली कळ दाबली ते नेमकं कळतं. अँड्रॉइडच्या पडद्यावरच्या कीबोर्डवर क्रोम बहुतेक वेळा प्रत्येक कळीसाठी २२९ हा एकच क्रमांक देतो. म्हणजे आमची तपासणी आंधळी. रकान्यात काय आलं ते बघायचं असेल तर 'इनपुट' या घटनेवर बघा, कळींवर नाही.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची. ज्यांचा कीबोर्ड मराठीवर होता त्यांनी नंबर मराठी आकड्यांत टाकला होता. ९ आणि ८ आपल्याला आकडे दिसतात. जावास्क्रिप्टच्या नमुन्यात 'आकडा' म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. साइट म्हणत होती, 'कृपया योग्य नंबर टाका.' मराठी साइटवर मराठी आकडे टाकणाऱ्या पालकांना आम्ही चूक ठरवत होतो. आता आम्ही मराठी आकडे घेतो आणि आतल्या आत बदलतो. दोन ओळींचं काम आहे. कृपा करून तुमच्या साइटवरही करा.

ब्राउझरची आवृत्ती

घणसोलीच्या डब्याच्या साइटवर उलटं-सुलटं दोन्ही झालं. आमच्या अँड्रॉइड ११ च्या एम्युलेटरमध्ये पान तुटलेलं, बहुतेक गिऱ्हाइकांकडे ठीक, आणि मोजक्या जणांकडे पुन्हा तुटलेलं.

अँड्रॉइड ११ च्या मूळ इमेजसोबत क्रोम ८३ येतो. त्या इमेजमध्ये प्ले स्टोअर नसेल तर तो तसाच राहतो. पानाच्या उंचीसाठी आम्ही 'डीव्हीएच' हे एकक वापरलं होतं. पत्त्याची पट्टी वर-खाली होते त्याप्रमाणे ते बदलतं, पण क्रोममध्ये ते आलं १०८ मध्ये. सफारीत १५.४ पासून आहे. ८३ ला ते कळणं शक्यच नव्हतं. एम्युलेटर निवडताना अँड्रॉइडचा आकडा पाहून खूश होऊ नका; क्रोम उघडून त्याची आवृत्ती बघा. प्ले स्टोअर असलेली इमेज घ्या, एक गूगल खातं त्यासाठीच ठेवा, क्रोम आणि वेबव्ह्यू दोन्ही अद्ययावत करा. जुना ब्राउझर मुद्दाम तपासायचा असेल तेव्हाच जुनी इमेज.

मोजक्या जणांच्या फोनमध्ये जागा भरलेली होती, त्यामुळे क्रोम कित्येक महिने अद्ययावत झालाच नव्हता. अँड्रॉइड ७ वाल्यांना क्रोम ११९ च्या पुढे मिळत नाही, ८ आणि ९ वाल्यांना १३८ च्या पुढे. तेव्हा नवं एकक वापरताना त्याच्या वरच्या ओळीत जुनं १०० व्हीएच लिहून ठेवा. जुना ब्राउझर न कळलेली ओळ सोडून देतो आणि वरची धरतो.

एम्युलेटरच चालत नसेल तर

हे झटपट सांगते. एम्युलेटर सुरूच होत नाही किंवा मुंगीच्या पावलाने चालतो: बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का बघा, इंटेलवर त्याचं नाव व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम. विंडोजवर जुन्या लेखांत एम्युलेटरचा वेग वाढवणारं इंटेलचं हॅक्सम बसवायला सांगितलेलं दिसेल; त्याचं काम २०२३ मध्ये थांबलं. त्याऐवजी विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म चालू करा. एम-मालिकेच्या मॅकवर आर्म इमेजच घ्या. आठ जीबी रॅमच्या मशीनवर अँड्रॉइड स्टुडिओ उघडा ठेवून एम्युलेटर चालवू नका. स्टुडिओ बंद करून कमांडच्या खिडकीतून एकटा एम्युलेटर सुरू करता येतो.

एम्युलेटर चालतो पण आत नेट नाही. हे मला दर आठवड्याला व्हायचं. दिवसा वागळे इस्टेटच्या वायफायवर काम, संध्याकाळी लॅपटॉप मिटून ऐरोलीला घरी, तिथे उघडला की क्रोम म्हणतो ऑफलाइन. साइटचं नाव शोधून देणाऱ्या डीएनएसचा पत्ता एम्युलेटर सुरू होताना संगणकाकडून घेतो आणि तोच धरून बसतो. वायफाय बदललं किंवा व्हीपीएन लावलं की तो पत्ता निकामी. एम्युलेटरला झोपेतून उठवण्याऐवजी कोल्ड बूट करा, म्हणजे पहिल्यापासून सुरू करा. तेवढ्यानेही झालं नाही तर वाइप डेटा, पण त्याने आतलं सगळं पुसलं जातं, 'काकू'च्या पट्ट्यांसकट.

संगणकावर चालू असलेली साइट एम्युलेटरमध्ये उघडत नाही: एम्युलेटरच्या आत 'लोकलहोस्ट' म्हणजे एम्युलेटर स्वतः. तुमचा संगणक तिथून १०.०.२.२ या पत्त्यावर असतो. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण त्या पत्त्याने साइट उघडली की लोकेशन, कॅमेरा आणि पानामागे चालणारा सर्व्हिस वर्कर चालत नाहीत, कारण ब्राउझर ते फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर देतो. त्यासाठी एडीबी या अँड्रॉइडच्या कमांड साधनाची 'रिव्हर्स' आज्ञा वापरून संगणकाचा पोर्ट एम्युलेटरच्या लोकलहोस्टवर आणा. केबलने जोडलेल्या खऱ्या फोनलाही तीच आज्ञा चालते.

आणि 'जवळचं केंद्र दाखवा' तपासताना अंतर हजारो किलोमीटर आलं तर घाबरू नका, एम्युलेटरचं मूळ लोकेशन कॅलिफोर्नियातलं माउंटन व्ह्यू असतं. एक्स्टेंडेड कंट्रोल्समध्ये लोकेशनमध्ये ठाणे टाका.

आयफोनच्या तक्रारी

आयफोनवर क्रोमची तक्रार आली तरी ती सफारीची समजून तपासा. आपल्याकडे आयफोनवरचे सगळे ब्राउझर आतून सफारीचं इंजिन, वेबकिट, हेच वापरतात. दुसरं इंजिन ठेवायची मुभा २०२४ मध्ये आयओएस १७.४ पासून मिळाली ती युरोपीय संघात, आपल्याकडे नाही. सफारी आयओएससोबतच बदलते, म्हणून तक्रारदाराला आयओएसची आवृत्ती विचारा आणि ॲपलच्या एक्सकोड या साधनातून तीच सिम्युलेटरमध्ये उतरवून घ्या.

सिम्युलेटर मॅकशिवाय चालत नाही. विंडोजसाठीची सफारी २०१२ मध्ये ५.१.७ वर थांबली, ती शोधून बसवणं म्हणजे वेळ फुकट. प्लेराइट या तपासणीच्या साधनातलं वेबकिट विंडोजवर चालतं आणि मांडणीच्या बऱ्याच चुका दाखवतं, पण ते आयफोन नव्हे. मॅक नसेल तर दूर ठेवलेले खरे फोन नेटवरून वापरायला देणाऱ्या सेवा आहेत. त्यातली ब्राउझरस्टॅक २०११ मध्ये मुंबईतच सुरू झाली.

'अर्जाला हात लावला की पान मोठं होतं' ही आयफोनची तक्रार आली तर शोधाशोध नको. रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान आहेत. १६ करा.

एवढं करूनही खरा फोन लागतो तो कुठे

एम्युलेटरचा प्रोसेसर तुमच्या संगणकाचा, ग्राफिक्सही बहुधा त्याचंच. त्यामुळे वेग आणि मेमरीबद्दल तो काहीच विश्वासाने सांगू शकत नाही. मूर्ती केंद्राच्या साइटवर चाळीस मूर्तींचे फोटो होते, प्रत्येक चार-पाच एमबीचा, कॅमेऱ्यातून आले तसे. एम्युलेटरमध्ये यादी तुळतुळीत सरकायची. दोन जीबी रॅमच्या फोनवर विसाव्या मूर्तीशी येईपर्यंत पान आपोआप पुन्हा सुरू व्हायचं आणि भरलेला अर्ज रिकामा. फोटो लहान करून, पडद्यावर येतील तेव्हाच उतरवायची सोय करून ते सुटलं, पण बिघाड दिसला तो फक्त खऱ्या फोनवर.

त्यासाठी आमच्याकडे आता तीन वापरलेले फोन आहेत, घरच्यांनी बदलल्यावर मागून घेतलेले. केबल लावायची, संगणकाच्या क्रोममध्ये इन्स्पेक्टचं पान उघडायचं, आणि फोनवरच्या पानाचं कोड समोर दिसतं. ज्या दिवशी साइट सुरू करायची त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यातला सगळ्यात जुना फोन घेऊन मी ठाण्याहून वाशी लोकल पकडते आणि ऐरोली येईपर्यंत एक बुकिंग पूर्ण करायचा प्रयत्न करते. गर्दीत एका हाताने, अंगठ्याने, नेट येत-जात असताना. डिव्हाइस मोडमध्ये नेटचा वेग कमी करता येतो, पण तो कमी असला तरी स्थिर असतो. गाडीत नेट मध्येच जातं आणि 'पैसे भरा' दाबल्यावर पान नुसतं फिरत राहतं. माणूस पुन्हा दाबतो. मूर्ती केंद्रात एकाच मूर्तीची दोनदा नोंद झाली होती ती अशीच. बटण एकदा दाबलं की ते बंद करायचं आणि सर्व्हरवर प्रत्येक अर्जाला स्वतःचा क्रमांक द्यायचा, म्हणजे तोच अर्ज दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद होणार नाही. हे दोन्ही त्या प्रवासानंतर घातलं.